गुरुजींच्या सीपीयूत अडकलेला तिसरा अंक

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘भाऊ, मी काहीच नाई केलं.’ मी अजून ‘या, बसा’ म्हटलेलं नसतं. कोणी आळ घेतलेला नसतो. तरी माणूस कोर्टात उभा असल्यासारखा सांगतो, ‘आपोआप बंद पडला.’ वडशाला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत एकाही माणसाने ‘मी बिघडवला’ अशी कबुली दिलेली नाही. एका बाईंनी कीबोर्डवर आंबील सांडली होती. मी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तर वाळलेले थर गळून पडले. बाईंनी ते निरखून पाहिले आणि म्हणाल्या, ‘कंपनीतूनच आलं असंल.’

माझ्याकडे मोठी डिग्री नाही. सुरुवातीला भद्रावतीला एका दुकानात हाताखाली काम केलं, तेच माझं कॉलेज. तिथे माजरीच्या खाणींकडून आलेला सीपीयू उघडला की कोळशाची भुकटी निघायची, बोट लावलं तर काजळ लावता येईल इतकी बारीक. इकडे वडशाला राइस मिलमुळे आत कोंडा. मोहर्लीच्या एका हॉटेलातून मशीन आलं होतं, त्यात सफारीच्या जिपांनी उडवलेली लाल माती. आता मी धूळ पाहून गाव सांगतो. बायको म्हणते, या विद्येचा जगात कोणालाही उपयोग नाही. तिचं खरं आहे. शिवाय आत पालीची अंडी, मुंग्यांची वसाहत आणि दसऱ्याच्या अक्षता हमखास सापडतात. दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करावी, पण अक्षता वरून वाहाव्यात, जाळीतून आत सोडू नयेत.

आता इतक्या लोकांना हसून झाल्यावर एक गोष्ट सांगणं भाग आहे. एकदा ‘मी काहीच नाई केलं’ म्हणायची पाळी माझ्यावर आली होती. आणि मी केलं होतं.

भाऊबीजेची दुपार होती. बहीण ब्रह्मपुरीहून आली होती. मी पाटावर बसलेलो, कपाळाला ओला टिळा, तोंडात आख्खा अनारसा. तेवढ्यात दारात शेंडे गुरुजी उभे. काखेत शालीत गुंडाळलेला सीपीयू, थंडीत नातवाला घेऊन निघावं तसा.

गुरुजींनी मला चौथीत शिकवलं. आरमोरी रस्त्याला आत जंगलाच्या कडेला त्यांचं गाव आहे, माझंही आजोळ तेच. गुरुजी रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर माझी पाठ अजून आपोआप सरळ होते. त्या दिवशी तर मी पाटावरच उभा राहिलो. बहीण ओरडली, ‘अरे, ओवाळून तं होऊ दे!’

‘होऊ दे, होऊ दे,’ गुरुजी म्हणाले. ‘मी थांबतो. पण लवकर आटप.’

मग स्वतःच सांगू लागले. ‘बसमध्ये कंडक्टर विचारे, गुरुजी, हे काय लगेज आहे? मी म्हटलं, नाटक आहे. तं म्हणे, मंग समोर बसा, मागं भल्लं हादरते.’

बाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे धानाच्या आणि जंगलाच्या या मुलखात, दिवाळी झाली, धान निघू लागला की नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, सासरी गेलेल्या लेकी माहेरी, आणि रात्री नाटक. कंपन्या पुष्कळशा आमच्या वडशाच्या. कलाकार आज या गावात तर उद्या त्या गावात, त्यामुळे पाठांतराला कोणाला फुरसत नसते. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. त्याच्या हातात नाटकाची वही असते. खरं म्हणजे नाटक तोच करतो, बाकीचे त्याचं ऐकून मोठ्याने बोलतात.

आणि एक रीत. शेवट दुसऱ्या कंपनीने पळवू नये म्हणून गुरुजींचं नाटक बसवणाऱ्या कंपनीत तिसरा अंक आधी छापत नसत. दोन अंक द्यायचे, तिसरा तालमीत एकदाच वाचून कागद फाडून टाकायचे आणि खेळाच्या आदल्या दिवशी प्रॉम्प्टरच्या हातात ठेवायचा. तोवर तो फक्त लेखकाजवळ.

गुरुजी चाळीस वर्षं नाटकं लिहीत होते. शाळेच्या गॅदरिंगपलीकडे एकही लागलं नाही. ‘धुरा’ हे त्यांचं पहिलं नाटक, जे एका कंपनीने घेतलं. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला, बांध. त्याच्यावरून दोन भावांचं भांडण, आणि ते भांडण पेटवणारा किसन दलाल. कंपनीचे मालक लांजेवार यांनी त्याचं नाव ‘रक्तानं माखलेला धुरा’ करून पोस्टरं लावली. गुरुजी म्हणाले, ‘रक्त कुठी आहे गा माझ्या नाटकात?’ लांजेवार म्हणाले, ‘पोस्टरवर आहे ना, गुरुजी!’

पहिला खेळ खुद्द गुरुजींच्या गावी, त्यांच्याच मंडईत. भाऊबीजेपासून चौथ्या दिवशी.

‘तिसरा अंक याच्यात आहे,’ गुरुजींनी सीपीयूवर हात ठेवला. ‘आणि सकाळपासून हे टकटक करून राह्यलं. चालू होत नाई.’

मी विचारलं, ‘कॉपी ठेवली असेल ना?’

गुरुजींचा चेहरा उजळला. प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या मुलाचा उजळतो तसा. ‘तूच नाई का सांगितलं? एका जागी ठेवू नका, सी ड्राइव्हमध्ये ठेवा आणि डी ड्राइव्हमध्येही ठेवा. मी रोज दोन्हीकडे ठेवतो. एक दिवस चुकलो नाई.’

अनारसा माझ्या घशात अडकला.

वाचकहो, सी आणि डी म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या. घराला आग लागली तर सोनं कोणत्या खोलीत होतं याला अर्थ उरत नाही. मी तसं का सांगितलं होतं? कारण आमच्या धंद्यात नेहमीचा रोग म्हणजे विंडोज उडणं. ते नव्याने टाकताना सी पुसला जातो, डी वाचतो. तेवढ्यापुरतं ते खरं होतं. गुरुजींनी विचारलं त्या दिवशी मी हेल्मेट घालून, गाडी चालू ठेवून, त्यांच्या उंबऱ्याबाहेरून सल्ला दिला होता. डिस्कच मरेल हा विचार माझ्या हेल्मेटात शिरलाच नव्हता.

हे सगळं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ‘बघतो, गुरुजी.’

गुरुजींना वाघाच्या धास्तीने पाचच्या आत गावात पोहोचायचं होतं. ते गेले आणि मी सीपीयू उघडला. गुरुजींचा मुलगा कॉलेजात असताना घेतलेलं मशीन. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि कॉम्प्युटर वडिलांच्या वाट्याला आला. बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू हरवलेला, तिथे तार पिळलेली. आत कोंडा आणि पालीच्या अंड्याची टरफलं. हार्ड डिस्क चार स्क्रूंवर बसलेली असते आणि तिला दोन केबली असतात, एक विजेची, एक माहितीची. दोन्ही बदलल्या. दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. टक... टक... टक...

हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी चकचकीत थाळी असते. ती भिंगरीसारखी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी तरंगते, थाळीला न टेकता. ती वाचते. तिची वाट चुकली की ती मूळ जागी परत येते आणि पुन्हा निघते. ती टकटक म्हणजे तिचं परत येणं. आमचे आजोबा चष्मा शोधताना दर वेळी उंबऱ्यापर्यंत परत येत आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागत, तसंच. चष्मा त्यांच्या कपाळावर असायचा. इथे तोही नव्हता.

मग मी तो उपाय केला जो शहाण्या माणसाने करू नये. आमच्या धंद्यातला जुना तोडगा आहे. डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवायची. कधी कधी गार पडल्यावर ती थोडा वेळ सुरळीत चालते. कधी कधी आत दव धरून कायमची जाते. तुम्ही करू नका. मी केलं.

सकाळी बायको मटाराची पिशवी काढायला गेली आणि तिथूनच विचारलं, ‘आता मशीनलेही ताप येऊन राह्यला का?’

‘माझ्या चौथीच्या गुरुजींची डिस्क आहे,’ मी म्हणालो.

‘मंग बाजूले ठेवली ना मटारापासून? वास लागंल.’

डिस्क जोडली. एक मिनिट काही नाही. मग ती फिरली, टकटक न करता! पडद्यावर ‘नाटक’ नावाचं फोल्डर दिसलं. मला इतका आनंद झाला की मी अख्खं फोल्डर उचललं आणि माझ्या मशीनवर आणायला सुरुवात केली.

इथेच मी दुसऱ्यांदा चुकलो. शहाणा माणूस आधी तिसरा अंक उचलतो, बाकीचं नंतर. मी सगळं एकदम उचललं, म्हणून ते क्रमाने येऊ लागलं. आधी आभार. मग कलाकारांची यादी. मग नातवाच्या वाढदिवसाचे फोटो, जे त्या फोल्डरमध्ये का होते देव जाणे. मग पहिला अंक. मग दुसरा अंक, जे दोन्ही लांजेवारांकडे छापलेले होतेच. तिसऱ्या अंकाचं नाव पडद्यावर आलं, आणि टक... टक... टक...

बारा मिनिटं चालली होती. बाराही मिनिटं मी केक कापणारा नातू वाचवत होतो.

आभाराचं पान तेवढं सुखरूप आलं होतं. त्यात शेवटून दुसरी ओळ होती: ‘संगणकविषयक मार्गदर्शन: माझा विद्यार्थी चि. प्रमोद.’

दुपारी सीपीयू आणि नवी डिस्क घेऊन गुरुजींच्या गावी गेलो. निदान मशीन तरी चालू करून द्यावं, रिकाम्या हाताने कसं जायचं! हल्लीची डिस्क पत्त्यांच्या कॅटएवढी असते, जुन्या खाचेत बसत नाही, म्हणून ती पट्टीला बांधली. मराठी टायपिंगचा फॉन्ट टाकला. तोवर गुरुजींच्या घरात मालक लांजेवार आणि किसन दलालाचं काम करणारे बालाजी मडावी येऊन बसले होते. मडावी सहा फूट, मिशा झुबकेदार, डोळे लाल, पण स्वभावाने गाय. ते गुरुजींच्या बायकोला, शांताकाकूंना, पोहे निवडून देत होते.

मी बटन दाबलं. मशीन क्षणात चालू झालं.

गुरुजींनी कान लावला. ‘आवाज येत नाई. चालू आहे ना?’

‘नव्या डिस्कला आवाज नसतो, गुरुजी. आत फिरणारं काही नाही.’

‘पयले कसं, चालू केलं की घरघर व्हायची. समजायचं की विचार करून राह्यलं.’ मग हळूच, ‘आणि अंक?’

मी नाही म्हणून मान हलवली. गुरुजींनी सीपीयूची शाल घडी करून मांडीवर घेतली. ओरडले असते तर बरं झालं असतं, चौथीत ओरडायचे तसं.

लांजेवारांनी खुर्ची पुढे ओढली. वाईट माणूस नव्हे, पण शंभर माणसांची कंपनी चालवणारा माणूस. ‘गुरुजी, मी थांबू शकत नाई. उद्या संध्याकाळी चार वाजेपर्यंत वही प्रॉम्प्टरच्या हाती पायजे. नसंल तं मी मागच्या सालच्या नाटकाचा तिसरा अंक लावतो.’

‘तो कसा लागंल?’ मी विचारलं. ‘त्यात तर सासू-सुनेचं भांडण आहे ना?’

‘नावं बदलू. सासूले मोठा भाऊ करू. सुनेले लहाना. झगडा तं झगडाच असते.’

‘माझ्या गावात?’ गुरुजी म्हणाले. ‘माझ्या तीनशे विद्यार्थ्यांसमोर, माझा मोठा भाऊ सासूसारखा बोलंल?’

लांजेवार म्हणाले, ‘मंग लिवा ना, गुरुजी. तुमचंच आहे, तुम्हालेच आठवंल.’ आणि दोघं निघून गेले.

गुरुजी मशीनसमोर बसले. दोन ओळी टाइप केल्या, पुसल्या. तीन ओळी केल्या, पुसल्या. तासाभराने माझ्याकडे वळून म्हणाले, ‘होत नाई गा. जे लिवतो ते पाहून वाटते, याच्याहून चांगलं होतं. काय होतं ते आठवत नाई. चांगलं होतं एवढंच आठवते.’

मी त्यांच्या अंगणात मोटारसायकलजवळ उभा राहिलो. किल्ली हातात होती, लावता येत नव्हती. शांताकाकू बाहेर आल्या.

‘प्रमोद, ह्याईले लिवायले लावू नको,’ त्या म्हणाल्या. ‘ह्याईच्यानं होणार नाई.’

‘मग?’

‘तू लिव. चुकीचं लिव आणि दाखव. अडतीस साल ह्या माणसानं लाल पेन खाली ठेवला नाई. माझ्या माहेरून आलेल्या पत्रातल्या चुका काढून मंग वाचून दाखवत होते. समोर चूक दिसली की ह्याईले राहवत नाई.’

‘पण काकू, मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत.’

‘मंग तं लयच चांगलं,’ काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हजर. गुरुजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी मशीनसमोर बसलो आणि मोठ्याने बोलत टाइप करू लागलो. ‘अंक तिसरा. स्थळ: पाटलाचा वाडा. बहीण येते. ती ढसाढसा रडत म्हणते, हे दैवा, तू हे काय केलंस!’

खाटेवरून आवाज आला. ‘पाटलाचा वाडा?’

मी पुढे चालू ठेवलं. ‘इतक्यात पोलीस येतात. इन्स्पेक्टर म्हणतो, कायद्याचे हात लांब असतात.’

‘माझ्या नाटकात पोलीस?’ गुरुजी उठून बसले. ‘आणि ती पोरगी रडत नाई. भाऊबीजेले आली ती. दोघं भाऊ एका घरात येत नाई. मंग रडंल कायले? ती चिडते!’

‘चिडून काय म्हणते?’ मी विचारलं.

‘ती काही म्हणत नाई!’ गुरुजी आता उभे होते. ‘ती पाट उचलते आणि चालू लागते. शेतात. धुऱ्यावर. एक पाय ह्या भावाच्या बांधीत, एक पाय त्या भावाच्या. तिथी पाट मांडते आणि ओरडते. लिव. “या गा दोघंही. ज्याले बहीण पायजे त्यानं इथी यावं. घरात बसलेल्याले मी ओवाळत नाई.” लिवलं?’

मी लिहिलं. मी हळूच वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही, हातात लसूण.

दहाच्या सुमाराला मडावी आले. लांजेवारांनी पाठवलं होतं, काय चाललंय पाहून यायला. त्यांनी तालमीत अंक एकदा ऐकला होता, म्हणून मी विचारलं, ‘मडावीभाऊ, शेवटी दलालाचं काय होतं?’

मडावींनी घसा साफ केला. ‘मले चांगलं आठवते. दलाल पस्तावतो. दोन पानांचा डायलॉग आहे. मंग तो सगळ्याईचे पाय धरतो आणि एक गाणं म्हणतो.’

‘गाणं?’ गुरुजी ओरडले. ‘बालाजी, तुले बहीण ताटातल्या सुपारीनं मारते! कपाळावर बसते आणि तू बांधीच्या चिखलात पडतो!’

‘गुरुजी, मले आठवते, आयमाय शपथ, गाणं होतं...’

‘सुपारी होती! लिव प्रमोद, सुपारी. आणि हा पडतो. उठत नाई. पडदा पडेपर्यंत उठत नाई.’

‘पडदा पडेपर्यंत?’ मडावींचा चेहरा पडला. ‘कंबर धरंल, गुरुजी. धानाचे दिवस, मैदानात दव राहते.’

‘मंग झगडा लावायच्या आधी विचार करायचा होता,’ गुरुजी म्हणाले. कोणाला, किसन दलालाला की मडावींना, ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही कळलं नसावं.

अडीचपर्यंत हे चाललं. मी ओळीओळीला चुका पेरत गेलो आणि गुरुजी त्या उपटत गेले. मी मोठ्या भावाला देवासमोर बसवलं, त्यांनी उठवून विहिरीवर नेलं. मी लहान भावाला ‘क्षमस्व’ म्हणायला लावलं. ते म्हणाले, ‘धान कापणारा माणूस क्षमस्व म्हणंल का? तो म्हणंल, दादा, तुझं पाणी चालू आहे, बंद कर.’ आणि माझे हात थांबले. तेवढ्या एका वाक्यात समेट झाला होता. मोठ्या भावाचं पाणी वाया जाऊ नये, एवढंच लहान भाऊ बोलला होता. मी अडाणी माणूस, पण हे कळलं.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी बोललो. आणखी लांबवलं असतं तर तो अनारसा जन्मभर घशात राहिला असता. ‘गुरुजी, सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. दोन्हीकडे ठेवा हे मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. आणि काल बारा मिनिटं चालली तेव्हा आधी तिसरा अंक घ्यायचा सोडून...’

‘केक कापला,’ गुरुजी म्हणाले. ‘तुझ्या बायकोनं सांगितलं शांतीले फोनवर.’ त्यांनी तांब्या खाली ठेवला. ‘चौथीतही तू असाच. सोपी गणितं आधी सोडवत बसायचा, अवघडाच्या वेळी घंटी व्हायची. बस. पुढचं लिव.’

पावणेचारला शेवटची ओळ झाली. चार पेनड्राइव्ह, दोन फोन आणि सोबत आणलेल्या प्रिंटरवर काढलेल्या तीन प्रती, एवढ्या ठिकाणी मी तो अंक ठेवला. एक प्रत मडावींच्या हाती दिली आणि ते प्रॉम्प्टरकडे निघाले. जाताना पायरीवर थांबून शेवटचं पान वाचत होते, त्यांच्या ओठांवर अजून गाण्याची आशा होती.

नाटक झालं. मी ते पाहिलं असं म्हणवत नाही, कारण तिसऱ्या अंकात मी मंडपाच्या मागे फेऱ्या घालत होतो. पण लोकांचा आवाज ऐकू येत होता. बहिणीने पाट उचलला तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं. एवढ्या बायका आणि एवढी शांतता, हे मी पहिल्यांदा अनुभवलं. मग ‘दादा, तुझं पाणी चालू आहे’ या वाक्यावर पुरुषांच्या बाजूने नाक शिंकरल्याचे आवाज. सकाळी उजाडल्यावर चहाच्या टपरीवर एक म्हातारी मडावींना गाठून शिव्या देत होती. ‘मेल्या, भावाभावात लावतो? तुले एकच सुपारी काऊन मारली पोरीनं?’ आमच्याकडे खलनायकाला याहून मोठं बक्षीस नाही. मडावी कंबर धरून हात जोडत होते, ‘होय माय, चुकलं माय.’ शेजारी लांजेवार पुढच्या तारखा लिहून घेत होते. गुरुजी गावातल्या लेकींच्या घोळक्यात उभे, डोळे लाल. कोणी विचारलं तर म्हणत होते, जागरणानं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती मेलेली डिस्क माझ्या कपाटात होती आणि कपाट उघडलं की दिसायची. शेवटी मी ती नागपूरला पाठवली. तिथे असे लोक आहेत जे बंद खोलीत डिस्क उघडून दांडी बदलतात, डोळ्यांच्या डॉक्टरसारखे. महिना-दीड महिन्याने पेनड्राइव्ह आला. त्यात तिसरा अंक होता, मूळचा. सीमधला आणि डीमधलाही.

मी तो घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. तोवर नाटकाचे वीसेक खेळ झाले होते. मला वाटलं, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी येईल. मी रुमालही काढून ठेवला होता. ते चष्मा लावून मशीनसमोर बसले आणि वाचू लागले. तीन पानं झाली. पाच पानं झाली. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि लाल पेन निघाला. पडद्यावर पेन चालत नाही हे लक्षात येऊन परत खिशात गेला. आणखी दोन पानांनी ते थांबले.

‘इथी बहीण रडते,’ ते म्हणाले.

मी वाकून पडद्यात पाहिलं.

‘ढसाढसा रडते. आणि म्हणते, “हे दैवा.”’ त्यांनी चष्मा काढला. ‘शांते, तुले हे मी वाचून दाखवलं होतं ना?’

काकू भाजी चिरत होत्या. ‘दोनदा.’

‘मंग काही बोलली काऊन नाई?’

‘तुम्ही विचारलं नाई. आयक म्हणाले, आयकलं.’

 गुरुजींनी तो अंक बंद केला आणि माझ्याकडे वळले. आवाज चौथीच्या वर्गातला.

‘प्रमोद, नवं नाटक घेतलं लिवायले. पुढच्या मंगळवारी ये. पहिला अंक लिवून आण, पुरा.’

‘मी, गुरुजी?’

‘तूच. तुमचा दोघाईचा कारभार मले दुसऱ्याच ओळीले समजला होता. पाटलाचा वाडा म्हणे! माझ्या हाताखालून गेलेलं पोरगं इतकं वाईट लिवूच शकत नाई.’ काकूंची विळी थांबली. ‘पण या खेपेले जरा मेहनत घे. मागच्या टायमाले चुका भल्ल्याच ढोबळ केल्या होत्या तू.’

त्यातल्या निम्म्याहून अधिक मी मुद्दाम केल्या नव्हत्या, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.